एमबीएनंतर सगळे मित्र बँकेत, कन्सल्टिंगमध्ये चाललेत. मला जळगावला परतून केळीच्या धंद्यात पडायचंय. चुकतंय का?

नाही. पण घाईही करू नका. प्लेसमेंटच्या आठवड्यात अख्खी बॅच एकाच दारात रांग लावते आणि रांग दिसली की आपणही उभे राहतो. मीही राहिलो. मुंबईत दोन वर्षं प्रेझेंटेशनं रंगवली; रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. (पगार झकास होता, खोटं कशाला बोलू!)

आता रावेरजवळ पॅकहाउसवर आहे. घड कापून येतात, फण्या सुट्या करून हौदात चीक धुतात, मग १३ किलोचे खोके भरतात. खेळतं भांडवल म्हणजे काय ते इथे कळलं: व्यापारी माल उधारीवर नेतो, मजुरी मात्र रोख द्यावी लागते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन (त्या भागाची खास ओळख सांगणारं) मिळालं, तरी भाव रोज हलतोच.

आधी मे-जूनमध्ये कुणाच्या तरी हाताखाली राबून बघा. वादळात उभी बाग आडवी झालेली एकदा पाहाच. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ते फिटेपर्यंत नोकरी करण्यात कमीपणा नाही.

बाकी, "एवढं शिकून केळीच विकणार का?" हे ऐकावं लागेल. परवाच मामांनी वरण-बट्टी वाढता वाढता मला विचारलं.