‘ऑफिसात हा विषय नको’ म्हणतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही आयटीतल्या वंशभेदावर प्रश्न मागवले होते. पत्रं परदेशातून जास्त आली, पण पुण्या-नाशिकहूनही आली आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटली. जागेसाठी पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सिॲटलला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. आमच्या सपोर्ट टीमचा ऑफिसच्या चॅटवर एक चॅनल आहे, त्यात कस्टमरच्या ‘फनी’ नावांचे स्क्रीनशॉट टाकतात. नायजेरियन, व्हिएतनामी आणि आपली भारतीय नावंच जास्त. एका ब्लॅक सहकाऱ्याने हे बंद करा म्हटलं तर मोठा वाद झाला, आणि मॅनेजरने ‘ऑफिसात पॉलिटिक्स नको’ म्हणून थ्रेडच बंद केला. मला त्याच्या बाजूने बोलायचंय पण व्हिसाची भीती वाटते. घरचे म्हणतात आपण कशाला मध्ये पडायचं.

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला लगेच बेसकॅम्प आठवलं. शिकागोची कंपनी, तेव्हा माणसं साठच्या आत, पण सॉफ्टवेअरच्या दुनियेत नाव मोठं. तिथे सपोर्टवाल्यांनी २००९ च्या आसपासपासून अगदी अशीच एक यादी ठेवली होती, ‘बेस्ट नेम्स एव्हर’ म्हणून. सगळीच नावं आशियाई-आफ्रिकन नव्हती, अमेरिकन आणि युरोपियनही होती, पण ही पण होती. २०२१ मध्ये आतल्याच लोकांनी विषय काढला की हे बरं दिसत नाही, मग चर्चा वाढत वाढत गेली, आणि एप्रिलमध्ये मालकांनी, म्हणजे जेसन फ्राइड आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी, कंपनीच्या अकाउंटवर सामाजिक आणि राजकीय चर्चाच बंद करून टाकली. ज्यांना पटत नाही त्यांनी काही महिन्यांचा पगार घ्यावा आणि जावं, असंही सांगितलं. जवळपास एक तृतीयांश लोक खरंच गेले.

मालकांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही, दिवसभर निवडणुकीवर भांडत बसलं तर काम कधी होणार. पण गिऱ्हाइकाच्या नावाला हसणं हे ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या सिस्टीममध्ये, ऑफिसच्या पगारावर चाललं होतं, ते बाहेरचं राजकारण कसं काय होईल? तुमच्या मॅनेजरनेही हेच केलंय, हसणाऱ्यांचा चॅनल चालू ठेवला आणि हसू नका म्हणणाऱ्याचा थ्रेड बंद केला. म्हणजे त्याने बाजू घेतलीच की. आपल्याकडच्या एखाद्या दीक्षितांना विचारा, ऑनलाइन फॉर्म भरताना आडनाव इंग्रजी स्पेलिंगमुळे ‘अयोग्य शब्द’ म्हणून अडकलं की कसं वाटतं ते.

व्हिसाची भीती खोटी नाही. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी बघा, स्टेटस बदला नाहीतर गाशा गुंडाळा, हे मी कशाला लपवू. पण १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारा भाग, हे १५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना लागू होतं, तिथे काम करणारा अमेरिकेचा नागरिक नसला तरी होतं, आणि भेदभावाला विरोध केला म्हणून सूड उगवणं हेही त्यात बेकायदा आहे. शिवाय १९३५ च्या कामगार कायद्यानुसार जे सुपरवायझर नाहीत त्यांना कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबद्दल आपसात बोलायचा हक्क आहे. कागदावरचं संरक्षण आणि प्रत्यक्षातलं यात फरक पडतो, म्हणून मोठं भाषण नको. मॅनेजरला चार ओळींची मेल करा : या चॅनलवर कस्टमरची खासगी माहिती शेअर होते, त्यात माझ्या देशातल्या लोकांची नावं आहेत, मला ते अपमानास्पद वाटतं, चॅनल बंद करावा ही विनंती. बस. आणि त्या सहकाऱ्याला नुसतं खासगीत ‘तुझं बरोबर होतं’ सांगून थांबू नका, पुढच्या वेळी विषय निघाला की सगळ्यांसमोर एक वाक्य बोला, कारण एकटा बोलणारा माणूस पटकन ‘कटकट्या’ ठरतो आणि दोघं बोलले की ती टीमची अडचण होते. घरच्यांना सांगा की आपण मध्ये पडायचा प्रश्नच नाही, त्या स्क्रीनशॉटमध्ये आपली नावं आधीच आहेत.

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एका मोठ्या प्रोजेक्टवर डिलिव्हरी मॅनेजर आहे. आमच्यावर तक्रार झालीय की आम्ही फक्त इंडियन लोकांनाच पुढे आणतो. अहो, इथे आम्हीच वंशभेद सोसतोय, सोशल मीडियावर आम्हाला काय काय बोलतात ते तुम्हाला माहीत असेलच. मग आम्हीच रेसिस्ट कसे?

उत्तर : दादा, तुमचा राग समजतो आणि तो खरा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला गार्मिनचे इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोतला यांना ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत एकाने गोळ्या घालून मारलं, ते कोण विसरेल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एच-वन-बीवरून इंटरनेटवर जे काही लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. हे सगळं मान्य. पण एका ठिकाणी सोसणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी करणारा असूच शकत नाही, असं कुठे असतं?

कॉग्निझंट या आयटी कंपनीचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २०१७ मध्ये काही कर्मचारी लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात गेले, की आम्ही भारतीय नाही म्हणून आम्हाला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर बसवतात आणि मग बेंचवरूनच घरी पाठवतात. बेंच म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना रिकामं बसणं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हो, भारतीय नसलेल्यांशी भेदभाव करायची इथे पद्धतच पडली होती. कंपनीला तो मान्य नाही, अपील करू असं त्यांनी सांगितलं. टीसीएसवर असाच खटला होता, त्यात २०१८ मध्ये ओकलंडच्या ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला, त्यामुळे सगळ्याच भारतीय कंपन्या तशा असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तक्रार आलीय तर ‘आम्ही कसे असू’ म्हणून झटकून टाकणं हेही बरोबर नाही.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते, कंपनीचं नाव नको. रोजचा स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची छोटी मीटिंग. सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं आपल्या लोकांच्या हिंदी-मराठीत गप्पा, रिलीज का पुढे ढकलायचं, कुठला मॉड्यूल कोणाकडे, सगळं त्या पाच मिनिटांतच ठरायचं. मग टीममधली एकटी ब्लॅक टेस्टर जॉइन व्हायची, सगळे इंग्रजीवर यायचे आणि तिला निर्णय कळवला जायचा. कुणी तिच्याशी वाईट बोललं नाही, वाढदिवसाला केकही कापला. वर्षाच्या शेवटी तिच्या रिव्ह्यूमध्ये आलं : पुढाकार घेत नाही. आता ती पुढाकार घेणार कशात, निर्णय झाल्यावर जॉइन होणारी बाई? त्या टीममधल्या कुणालाही आपण वंशभेद केला असं आजही वाटत नसेल, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

आणि ‘आपल्यातल्या आपल्यात’ काय चालतं तेही बघा. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को ही टेक कंपनी आणि तिच्या दोन भारतीय मॅनेजरांवर दावा लावला, एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून. आरोप असा की तो आयआयटीत राखीव जागेवरून आला हे मॅनेजरने इतरांना सांगितलं, आणि त्याने एचआरकडे तक्रार केल्यावर त्याचं काम काढून घेतलं. दोन मॅनेजरांवरचा दावा खात्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा पुढे चालू ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटलने जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं तसं पहिलं शहर, आणि तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा मात्र ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला, आहे त्या कायद्यात हे येतंच असं म्हणून. नव्या माणसाला लंचला ‘पूर्ण नाव काय तुमचं, मूळचे कुठले’ हे आपण किती सहज विचारतो, आणि उत्तर आल्यावर काही जणांचा सूर कसा बदलतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

तुमच्यासाठी एवढंच, की गेल्या दोन वर्षांत प्रमोशन, ऑनसाइट आणि बेंच कोणाकोणाला मिळालं ती शीट काढा आणि एचआरच्या माणसासोबत बसून बघा, तक्रार करणाऱ्याच्या हेतूवर चर्चा करायच्या आधी.

प्रश्न : हिंजवडीत टीम लीड आहे. टीममध्ये मिझोरामचा मुलगा आहे, त्याला सगळे प्रेमाने ‘चिंकी’ म्हणतात, तो पण हसतो. कुणीतरी एचआरला सांगितलं आणि मला वॉर्निंग मिळाली. एवढं सेन्सिटिव्ह व्हायची गरज आहे का?

उत्तर : हो, आहे. तो हसतो कारण तुम्ही त्याचे लीड आहात आणि त्याचं अप्रेझल तुमच्या हातात आहे. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव आहे ना त्याला, त्याच नावाने हाक मारा. ऑगस्ट २०१२ मध्ये याच पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली होती, अफवा पसरल्या आणि पुण्या-बंगळुरूहून हजारो लोक मिळेल त्या गाडीने घरी पळाले, तेव्हा त्यांना चेहऱ्यावरूनच हेरलं होतं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी नीडो तानियाम मारहाणीत गेला, त्यानंतर केंद्राने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली. तुमच्या टीममधल्या मुलाला हे सगळं माहीत असतं, तुम्ही ‘प्रेमाने’ म्हणता तेव्हा त्याला तेही ऐकू येतं. खासगी नोकरीतल्या वंशभेदावर आपल्याकडे सर्वसमावेशक असा एक कायदा नाही, पण माणूस अनुसूचित जमातीतला असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होऊ शकतो. वॉर्निंगवर सुटलात. सोमवारी टीमसमोर सांगा की हे बंद, आणि मी हे चालू दिलं म्हणून माफी मागतो.

प्रश्न : आमची कंपनी बायोडेटा चाळायला एआय आणतेय. साहेब म्हणतात मशीनला रंग-जात कळत नाही, वादच मिटला. खरं का?

उत्तर : मशीन शिकतं कुठून ते साहेबांना विचारा. जुन्या भरतीवरून शिकलं तर जुनी भरती जशी, तसं ते. आणि जुनी भरती कशी होती हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरातांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत मोजून दाखवलंय. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी, असे अर्ज त्यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना पाठवले, अभ्यास २००७ मध्ये छापून आला. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं यायची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश! अमेरिकेत २००४ मध्ये बर्ट्रंड आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी छापलेल्या तशाच प्रयोगात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ब्लॅक वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त फोन आले होते.

चेहरा ओळखणाऱ्या सिस्टीमचंही तेच. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, फोटोतला माणूस पुरुष की बाई एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांबाबत चूक १ टक्क्याच्याही आत, सावळ्या-काळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आपल्या घरातल्या बायका कुठल्या गटात येतात ते सांगायला नको. टूल घ्यायचंच असेल तर आधी तुमच्याच जुन्या अर्जांवर नुसती नावं बदलून चालवून बघा, दोन दिवसांचं काम आहे, निकाल साहेबांसमोर ठेवा.

प्रश्न : ताई, मी सॅन होजेत आहे, शिक्षण संपवून पहिलीच नोकरी. माझा मॅनेजर मीटिंगमध्ये माझ्या उच्चारांची नक्कल करतो, ‘तुम्हा लोकांना’ क्लायंटसमोर नको म्हणतो. एचआरकडे जाऊ का? त्यांनी पुरावा मागितला तर?

उत्तर : जा, पण आधी तयारी कर. आज रात्री बसून आठवेल तेवढं लिहून काढ : तारीख, मीटिंग कुठली, शब्द कोणते, कोण कोण हजर होतं, क्लायंट कॉलवरून तुझं नाव कधी काढलं. लपून रेकॉर्डिंग करू नकोस, कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं बेकायदा आहे, तूच अडकशील. तक्रार तोंडी करून येऊ नकोस, भेटून आलीस तरी मागोमाग मेल टाक की आज आपलं असं असं बोलणं झालं.

वेळेचं भान ठेव. फेडरल पातळीवर ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या आयोगाकडे, जायला साधारण १८० दिवस असतात, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ३००, आणि राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे ३ वर्षं. पैशाच्या आशेने मात्र जाऊ नकोस. टेस्लाच्या फ्रीमाँट कारखान्यात लिफ्ट चालवणारे ओवेन डायझ यांना रोज वंशावरून शिव्या खाव्या लागल्या, २०२१ मध्ये ज्युरीने त्यांना सुमारे १३.७ कोटी डॉलर दिले, न्यायाधीशांनी ते दीड कोटीवर आणले, डायझ यांनी ते नाकारले, २०२३ मध्ये दुसऱ्या ज्युरीने ३२ लाखांच्या आसपास दिले. जे घडलं ते २०१५-१६ मधलं होतं, म्हणजे बघ किती वर्षं गेली. दोन्ही ज्युरींनी ते खरं मानलं हे मात्र कुणी काढून घेऊ शकलं नाही.

तुझ्या नोंदी ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, घरच्या वहीत किंवा स्वतःच्या मेलवर ठेव, कारण नोकरी गेली तर लॉगिन त्याच तासाला बंद होतं. कंपनीचे गोपनीय कागद मात्र बाहेर पाठवू नकोस, तेवढ्यावरून ते तुलाच दोषी धरतील. एचआरचं उत्तर काय येतं ते मला कळव, आणि ते टाळाटाळीचं असेल तर वाट बघत न बसता तिकडच्या एम्प्लॉयमेंट वकिलाला गाठ, बरेच जण पहिली भेट फुकट देतात.