वाचकांचे प्रश्न: जुनी सिटी व्हीटेक हाती आल्यावर

जुन्या होंडा सिटीबद्दल बरीच पत्रं साठली होती, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. १९९८ मध्ये भारतात आलेली आणि २००३ च्या अखेरीस नव्या गोलसर सिटीने जिची जागा घेतली, ती पहिली पिढी. त्यातली १.५ व्हीटेक, १०६ बीएचपीची (व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला वाल्व्ह मोठ्या कॅमवर चालवणारी होंडाची यंत्रणा). अंगाने हलकी, म्हणून आजही पळते.

२००२ ची व्हीटेक घेतली आहे. १ लाख ६२ हजार किमी झालेत, बॉनेटचा रंग उडालाय. आधी रंग काढू की इंजिन उघडू? — वाचक, सांगली

रंग सर्वांत शेवटी. आधी रंग काढला, की पुढच्या सहा महिन्यांत मिस्त्रीचा पाना त्याच फेंडरवर घासणार. आणि इंजिनही लगेच उघडू नका, आधी तपासा.

पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करा, फ्युएल पंपाचा पुरवठा तोडा, इग्निशनचा कनेक्टर काढा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा. चारही सिलिंडर १३५ पीएसआयच्या वर हवेत आणि सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये २८ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. चांगल्या इंजिनात आकडा १८० च्या आसपास येतो. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. जिथल्या तिथे राहिला तर वाल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा फक्त वाल्व्ह सील कडक झालेत. त्यासाठी बोअरिंग करायला सांगणारा मिस्त्री बदला.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा पट्टा. तो बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललेला नाही असंच धरा. किलोमीटर कमी असले तरी वीस वर्षांचं रबर भरवशाचं नाही. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या वाल्व्हवर आपटतो, वाल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्टला ताण देणारं) बेअरिंग, वॉटर पंप (तो याच बेल्टवर फिरतो), कॅम सील आणि पुढचं क्रँक सील एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते.

बेल्ट बसवताना दोन चुका हमखास होतात. क्रँक पुलीवर पांढरी खूण टीडीसीची (पहिला पिस्टन सर्वांत वर असतानाची) असते आणि बाजूचा लाल खुणांचा गट इग्निशन टायमिंगचा. घाईत लाल खूण जुळवली की बेल्ट चुकीचा बसतो. गाडी चालू होते, पण ओढत नाही, आणि मग दोष कार्ब्युरेटरला देता येत नाही म्हणून इंजेक्टरला दिला जातो! कॅम पुलीवर ‘अप’ हा शब्द वर आणि बाजूच्या दोन खाचा हेडच्या पृष्ठभागाला समांतर आल्या पाहिजेत. दुसरी चूक दिशेची. होंडाचं हे इंजिन पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. सवयीने सुलट फिरवून ताण बघितला तर तो खोटा येतो. रीत अशी: इंजिन उलट दिशेने पाच-सहा फेरे फिरवून बेल्ट बसू द्या, टीडीसीवर आणा, टेन्शनरचा बोल्ट सैल करा, कॅम पुलीचे तीन दात सरकतील एवढा क्रँक त्याच दिशेने फिरवा आणि तिथेच बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळा. मग पुन्हा दोन फेरे देऊन खुणा तपासा.

त्यानंतर वाल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे वाल्व्ह आणि रॉकरमधली फट. इंजिन पूर्ण गार असताना इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. टकटक आवाज येतो म्हणून एक्झॉस्ट घट्ट करू नका. घट्ट वाल्व्ह आवाज न करता जळतो.

यानंतर ब्रेक होज, ब्रेक ऑइल, बुश, शॉकर. आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचा: ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसो, असा टायर काढून टाका.

उन्हात तासभर उभी केली की गाडी सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. पंप बदलला, प्लग बदलले, फरक नाही. — वाचक, सोलापूर

पंप बदलण्याआधी पत्र टाकायला हवं होतं. ही त्या काळच्या होंडांची जुनी खोड आहे आणि तिचं नाव मेन रिले. डॅशबोर्डखाली काडेपेटीहून थोडी मोठी डबी असते, तिच्या आत दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) असतात: एक ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वीज देतो, दुसरा फ्युएल पंपाला. केबिन तापली की आतल्या सर्किट बोर्डावरचे जाड पाय पसरतात, त्यांच्याभोवतीचं डाग दिलेलं शिसं वर्षानुवर्षांच्या ताणाने तडकतं आणि संपर्क सुटतो. खिडक्या उघडून केबिन गार झाली की जुळतो. म्हणूनच गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी ठणठणीत होते आणि मिस्त्री तुमच्याकडेच संशयाने बघतो.

गाडी बंद पडलेली असतानाच खात्री करा. चावी ‘ऑन’ला आणा, स्टार्ट करू नका. चेक इंजिन दिवा दोन सेकंद लागून विझायला हवा आणि त्याच वेळी मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंद घुर्र ऐकू यायला हवी. घुर्र नाही, तर संशयित रिले. घुर्र आहे पण प्लगला ठिणगी नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर किंवा कॉइल बघा. तेही गरम झाल्यावर दगा देतात.

दुरुस्ती घरी होते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, रिले काढून डबीच्या कडेचे खटके पातळ पेचकसाने उचला आणि बोर्ड बाहेर घ्या. टॉर्च तिरपी धरून भिंगातून जाड पायांच्या मुळाशी बघा: शिशाच्या चकचकीत टेकडीत केसाएवढी काळी गोल रेघ दिसेल, जणू पाय शिशात नुसता टेकवून ठेवलाय. तीच तडा. जुनं शिसं विकने (शिसं शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) ओढून घ्या, फ्लक्स लावा, ४० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने नवीन ६०/४० शिसं भरा. जुन्यावरच नवं चढवलं तर वर्षभरात पुन्हा तेच. तडा दिसणाऱ्या एकाच पायावर थांबू नका, सगळे जाड पाय करा.

पाच हजारांच्या वर जो जोर यायला हवा तो येत नाही. व्हीटेक गेलं का? — वाचक, पुणे

आधी डिपस्टिक बघा. खरंच. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं: वरच्या आरपीएमला सोलेनॉइड उघडतो, दाबाने इनटेकच्या रॉकरमधल्या पिना सरकतात, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि वाल्व्ह मोठ्या कॅमवर चालायला लागतात. ऑइल कमी किंवा गाळाने भरलेलं असेल तर पिना सरकत नाहीत. इंजिन पुरेसं गरम नसेल तरीही ईसीयू ही सोय देत नाही, म्हणून गार गाडीवर निकाल लावू नका.

पातळी ठीक असेल तर हेडच्या बाजूचा सोलेनॉइड खोला. तळाच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते; जुन्या गाडीत ती काळ्या डिंकासारख्या गाळाने बुजलेली सापडते. रॉकेलने धुऊन चालेल, पण गॅस्केट तेवढं नवं घाला, कारण तिथूनच ऑइल झिरपतं. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १४ ते ३० ओहम आला पाहिजे. ऑइल १०डब्ल्यू-३०, फिल्टरसह सुमारे सव्वातीन लिटर. इंजिनात गाळ फार असेल तर ‘फ्लश’ ओतू नका, सुटलेला गाळ सरळ ऑइल पंपाच्या पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा ऑइल दोन-तीन हजार किमीला, असं तीनदा बदला.

गिअर ऑइल बदलल्यापासून तिसरा गिअर करकरतो. — वाचक, कोल्हापूर

ईपी-९० हे नेहमीचं गिअर ऑइल भरलं असणार. होंडाच्या या गिअरबॉक्सला ते जाड पडतं आणि सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना हवं तेवढं घर्षण मिळत नाही. काढून होंडाचंच एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) भरा, १.८ लिटर. भरण्याआधी ड्रेन प्लगवरचा चुंबक पुसा: राखाडी पेस्ट चालते, कण टोचले तर सिंक्रो संपलेत.

मागच्या चाकांच्या कमानी गंजल्यात. डेंटर म्हणतो लांबी भरून देतो. — वाचक, रत्नागिरी

कोकणात लांबी (पुटी) दोन पावसाळे टिकली तरी नशीब. कमानीच्या आतल्या कडेला दोन पत्रे जोडलेले असतात, मध्ये चिखल बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. तुम्हाला बाहेर रुपयाएवढा फुगा दिसतो तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचा. जिथे आत शिरेल तिथून दोन बोटं पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. ०.८ ते १ मिमीचा पत्रा कमानीच्या आकारात वळवून सीओटू वेल्डिंगने टाका-टाका करत जोडा. सलग ओढलं किंवा गॅस वेल्डिंग केलं तर आजूबाजूचा पत्रा लाटा घेतो. जोडावर झिंक प्रायमर आणि सीम सीलर, मग रंग, आणि सगळं झाल्यावर आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. दाराखालच्या पट्टीची (सिलची) पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा.

जॅक लावायची जागा आणि बॅटरीखालचा पत्राही टोचून बघा. जॅक पॉइंट मऊ लागला तर रंगाचा विषय पुढच्या वर्षावर ढकला.

ई२० पेट्रोलने जुन्या गाडीचं काय होईल? — वाचक, नाशिक

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याने जुने रबर पाइप फुगतात, मऊ होतात, चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा एसएई जे३० आर९ दर्जाच्या पाइपने बदला, इंजेक्टरच्या ओ-रिंग विटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घाला, आणि फिल्टर बदलून हजार किमीनंतर पुन्हा एकदा बदला, कारण टाकीतली जुनी घाण सुटून येते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

गोव्याची गाडी घेतली आहे. महाराष्ट्रात नावावर करायला काय लागेल? — वाचक, सावंतवाडी

गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३०, इथला रोड टॅक्स, विमा, पीयूसी. आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवर दिसत असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ त्याच्याकडूनच घ्या, पैसे द्यायच्या आधी. १५ वर्षांपुढच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. २० वर्षांवरच्या मोटारींसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा.

तपासणीत चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. तो नंबर इंजिनामागच्या फायरवॉलवर कोरलेला आहे. रंगाऱ्याला गाडी देण्याआधी रॉकेलच्या फडक्याने तो पुसा, फोटो काढा आणि वर मास्किंग टेप लावा. तिथे ग्राइंडर फिरला किंवा प्रायमरचा जाड थर बसला तर ठसा उमटत नाही.