कॅल्क्युलस सोडलं तर दारं बंद होतात का?

शाळेच्या शेवटच्या वर्षाचे विषय निवडायची वेळ आली की माझ्याकडे हाच प्रश्न सारखा येतो, की मॅडम कॅल्क्युलस (बदलाचा दर मोजायचं गणित) नाही घेतलं तर पुढे काही खरं नाही ना? परवा एक मुलगी आणि तिची आई आल्या होत्या. मुलीला सायकॉलॉजी करायचंय, तेही आज नाही, दोन वर्षांपासून तेच डोक्यात आहे. पण वर्गातल्या सगळ्या हुशार मुली कॅल्क्युलस घेतायत, आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांचा विषय असं वर्गात बोललं जातं. आई म्हणाली, "अहो, उद्या हिचं मन बदललं आणि हिला इंजिनिअरिंग करावंसं वाटलं तर?"

आईची काळजी अगदी खरी आहे, त्यामुळे मी तिला उडवून लावलं नाही.

पण आधी मुलीपुढे एक कागद सरकवला. एक्स स्क्वेअर वजा ९, भागिले एक्स वजा ३, आणि एक्स ३ च्या जवळ गेला की उत्तर कशाच्या जवळ जातं, म्हणजे लिमिट किती? तिने सरळ ३ टाकले, वर शून्य खाली शून्य आलं आणि ती थांबली. लिमिट म्हणजे काय हे तिला मी समजावल्यावर दोन मिनिटांत कळलं, अडलं ते वरच्या पदाचे अवयव पाडून खालचं पद घालवायचं इथे, म्हणजे खालच्या वर्गातल्या बीजगणितात. (उत्तर ६ येतं.) कॅल्क्युलसमधे गळपटणारी बरीचशी मुलं मी बघते ती इथेच गळपटतात, अपूर्णांक, घातांक, त्रिकोणमिती यात, आणि मग वर्षभर स्वतःला ढ समजत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग दुसरा प्रश्न दिला. दहा जणांपैकी नऊ जण रोज २० मिनिटं वाचतात आणि एक जण २२० मिनिटं, सरासरी किती? तिने पटकन ४० काढली, आणि मग स्वतःच कागदाकडे बघून म्हणाली, "पण ४० मिनिटं वाचणारं तर यात कोणीच नाहीये!" तिथून जी गाडी सुटली ती मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) का घ्यायचा, सॅम्पल कसं निवडलं, सर्व्हेत कोण सुटलं इथपर्यंत, आई नुसती ऐकत होती. सायकॉलॉजीच्या डिग्रीत हेच रोज लागतं, कुठलाही प्रयोग वाचायचा तर त्यातला फरक खरा आहे की योगायोगाने आलाय हे कळायला हवं. तेव्हा स्टॅटिस्टिक्स हा सोपा विषय म्हणून घेऊ नका, तिथे आकडेमोड कमी वाटली तरी विचार बारीक करावा लागतो आणि उत्तर वाक्यात लिहावं लागतं.

याच्या उलट, एका मुलाला इंजिनिअरिंगच करायचं होतं आणि मार्क कमी पडतील म्हणून तो कॅल्क्युलस टाळत होता, त्याला मी स्पष्ट सांगितलं की बाबा हे तुला चुकणार नाही, वेग, बल, करंट सगळीकडे बदलाचा दरच मोजायचाय, तर आत्ता शिक्षक हाताशी आहेत तोवर शिकून घे. फिजिक्सलाही तेच. आणि इकॉनॉमिक्सवाल्यांना वाटतं आपण सुटलो, पण एक नग जास्त बनवला तर खर्च किती वाढतो हा प्रश्न डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे बदलाच्या दराचाच आहे.

आता आईच्या प्रश्नाचं. मन बदललं तर बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी कॅल्क्युलस लिमिटपासूनच सुरू करतात, पण तिथे बीजगणित कोणी परत शिकवत बसत नाही. म्हणून मुलीने स्टॅटिस्टिक्स घ्यायचं ठरवलं आणि सुट्टीत अवयव नि घातांक पक्के करायचे असंही ठरलं, हे दुसरं मी आग्रहाने लिहून दिलं. गणित पूर्ण सोडायचा पर्यायही तिच्यापुढे होता, तो मात्र मला अजिबात पटत नाही, वर्षभर हात सुटला की पुढे फार जड जातं.

एक काम अजून दिलंय, ज्या तीन-चार कॉलेजांचा विचार चाललाय त्यांच्या प्रवेशाच्या अटींमधे गणिताचं नेमकं काय मागितलंय ते तिने स्वतः वाचायचं, मैत्रिणींना विचारून नाही, कारण काही कोर्सना कॅल्क्युलस सक्तीचं असतं आणि तसं एकाही ठिकाणी निघालं तर विषय नक्की करायच्या आधी आम्ही परत बसणार आहोत.