पातेरा जाळू नका, पण खड्ड्यातही बुडवू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या एका बागायतदारांनी विचारले आहे: "कुळागरातला पातेरा, माडाच्या झावळ्या, पोफळीची सुकी पाने दरवर्षी खड्ड्यात टाकतो. पावसात खड्डा पाण्याने भरतो, घाण वास सुटतो आणि दिवाळीत उघडावे तर झावळ्या तशाच. मग जाळलेले काय वाईट?" पेडण्याहून एका भगिनींचा प्रश्न: "खताच्या ढिगात पांढऱ्या जाड अळ्या दिसतात. त्या गांडुळांसारख्या उपयोगी समजाव्यात का?" आणि केप्याहून विचारणा आहे, की आंबट जमिनीला राख घालावी की चुना. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

खड्ड्याचा सल्ला कोरड्या मुलखासाठी चांगला. तिथे ओल टिकवायची असते. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो आणि खड्ड्याची टाकी होते. पाण्याने हवा निघून जाते, हवेत जगणारे जिवाणू मरतात आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. तो वास त्याचाच. म्हणून गोव्यात ढीग जमिनीच्या वर, थोड्या उंचवट्यावर घाला आणि मेच्या अखेरीस त्यावर झावळ्यांचा मांडव किंवा ताडपत्री चढवा. बाजू मात्र मोकळ्या ठेवा.

झावळ्या तशाच राहिल्या याचे दुसरे कारण म्हणजे नत्राची (नायट्रोजनची) उणीव. सुक्या पानांत कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र थोडे. जिवाणूंना साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र लागते. ते देण्यासाठी बाजारात जायला नको, कुंपणाचा गिरिपुष्प आणि बांधावरची रानमोडी कापा. रानमोडी फुलायच्या आतच कापा, नाहीतर तिचे बी खताबरोबर सगळ्या बागेत पोहोचेल. वीतभर पातेऱ्याचा थर, त्यावर चार बोटे हिरवा पाला, त्यावर पातळ शेणकाला आणि मूठ-दोन मूठ जुने खत, असे थर तीन-चार फुटांपर्यंत रचा. आंबा-काजूची पाने चिवट व मेणचट असतात, ती कोयत्याने तोडून आधी भिजवा. झावळीचा जाड देठ ढिगात घालूच नका. तो आणि नारळाची सोडणे माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, सोडणाची पाठ वर करून. सोडणात पालाश (पोटॅश) असते आणि ती उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात.

ओल तपासायची तर मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एखादा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. काही दिवसांत ढीग आतून तापतो. ताप उतरला की वरखाली करा. नीट सांभाळलेला ढीग तीन-चार महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारा होतो, झावळ्या अधिक असतील तर वेळ लागतो.

आता पेडण्याचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या जाड, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या बहुधा गेंडा भुंग्याच्या आहेत. त्यांना ठेवू नका. हा भुंगा कुजलेल्या शेणखतात, खताच्या ढिगात आणि पडलेल्या माडाच्या खोडात अंडी घालतो, अळ्या तिथे वाढतात आणि भुंगा बाहेर पडून माडाच्या कोवळ्या पालवीत शिरतो. पुढे झावळ उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. म्हणजे खताचा ढीग बांधताना आपणच माडाच्या शत्रूचे घर बांधू नये. वरखाली करताना दिसतील त्या अळ्या वेचून मारा. मेटारायझियम ही बुरशी ओल्या ढिगात मिसळली की अळ्यांवर चढते आणि त्या मरतात. ती वापरताना बुरशीनाशक जवळ आणू नका. मेलेल्या माडाचे खोड बागेत पडू देऊ नका.

केप्याचा प्रश्न चुन्याचा. आपल्या जांभ्या मातीतला कॅल्शियम आणि पालाश पावसाने वाहून जातो, स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला बांधले जाते. सेंद्रिय कर्ब हीच तिची धरून ठेवण्याची ताकद, म्हणून पातेरा जाळणे म्हणजे ती ताकद धुरात घालवणे. राखेत पालाश आणि चुन्याचा गुण असतो, हे खरे. चुलीची राख आळ्यात थोडी पसरायला हरकत नाही, पण राखेसाठी पातेरा पेटवू नका. नत्र आणि कर्ब तर आधीच उडून गेलेले असतात. चुना माती तपासल्यावरच घाला. चुना आणि शेणखत एका दिवशी टाकू नका, नत्र वायुरूपाने निसटते. दोघांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

तयार खत माडाला वर्षाला 50 किलोपर्यंत घाला. पोफळीला 12 किलो खत आणि 12 किलो हिरवा पाला पुरतो. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बुंध्यापासून थोडे लांब आळ्यात पसरून वर माती ओढा.

मातीचा नमुना खत-चुना घालायच्या आधी घ्या. वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि कडेची माती सारख्या जाडीने खरवडा. झाडांसाठी आणखी खालच्या थराचाही वेगळा नमुना हवा. बागेत सात-आठ ठिकाणची माती मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरा आणि विभागीय कृषी कार्यालयात द्या. केप्याच्या शेतकऱ्यांना चुन्याचे प्रमाण त्या अहवालावरूनच कळवता येईल.