वाचकांचे प्रश्न : उन्हाळा, बोकड आणि वजन

प्रश्न : चराईवरचे 14 उस्मानाबादी बोकड होळीपर्यंत चांगले वाढले. नंतर वजन जागेवरच. भरडा वाढवला तर दोघांची लघवी अडली. काय चुकलं? (एक वाचक, भूम, जि. धाराशिव)

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच : पाणी आणि पाला कमी, दाणा जास्त. पारा चाळिशीपार गेला की शेळी खाणं तोडते, कारण वाळला चारा पचवताना पोटात उष्णता तयार होते. त्यात मार्चनंतर माळावर उरतं ते कुसळी गवत, प्रथिनं नावालाच. बोकड दिवसभर पाय तुडवतो आणि खाल्लेलं चालण्यातच जिरतं.

आधी चराईची वेळ बदला : सकाळी 6 ते 10, संध्याकाळी 5 ते 7. मधला वेळ कडुलिंबाच्या झाडाखाली. पत्र्याखाली बांधणार असाल तर वर तुराट्या किंवा पाचट टाका, नाहीतर सावलीच भाजते. बोकडामागे दिवसाला 4-5 लिटर पाणी लागतं. हौद उन्हात असेल तर पाणी तापतं आणि बोकड नुसतं तोंड लावून बाजूला होतो. शेवरी, बोर, हादगा, सुबाभूळ यांचा ओला पाला रोज किलो-दीड किलो द्या. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, केस गळतात.

100 किलो भरड्यात मका 50, सोयाबीन पेंड 20, तूर चुनी 16, गव्हाचा कोंडा 10, खनिज मिश्रण 2, कॅल्साइट पावडर 1 आणि मीठ 1 किलो. सुरुवात 50 ग्रॅमने. दर चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत 200-250 ग्रॅमवर थांबा. घाईने वाढवला तर पोट आंबतं, बोकड आडवा पडतो.

लघवीचं म्हणाल तर कोंड्यात आणि दाण्यात स्फुरद भरपूर, कॅल्शियम कमी. पाणी कमी पडलं की मूत्रमार्गात खडे धरतात. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाचा मार्ग अरुंद राहतो, म्हणून त्याला जास्त धोका. पाठ ताणून उभा राहतो, शेपटी हलवतो, थेंब-थेंब मुततो; लिंगाजवळच्या केसांना रेतीसारखे कण चिकटलेले दिसतात. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मूत्राशय फुटलं की उपाय उरत नाही.

वजन डोळ्यांनी ठरवू नका, व्यापारी तेच करतो. काटा नसेल तर टेप घ्या : छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं इंचात, भागिले 660. घेर 26, लांबी 23 असेल तर साधारण साडेतेवीस किलो. हा अंदाज आहे, पण दर पंधरवड्याला वहीत लिहिला की वाढ कुठल्या आठवड्यात थांबली ते दिसतं.

प्रश्न : शेळ्या कोणत्या महिन्यात फळवाव्यात? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

आमचा कल जुलैकडे. 15 जुलैला फळलेली शेळी 150 दिवस धरले तर 12 डिसेंबरच्या आसपास विते. तोवर सोयाबीनची रानं मोकळी झालेली असतात, तुरीचा पाला हाताशी येतो. थंडीत करडांना कोरडी बैठक आणि वाऱ्याला आडोसा मात्र हवाच. फळवण्याआधी तीन आठवडे शेळीला 200 ग्रॅम भरडा द्या; जुळ्यांची शक्यता वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळवलं तर करडं ऐन पावसात येतात : चिखल, हगवण, न्यूमोनिया.

पैदाशीचा बोकड मे महिन्यात सावलीतच ठेवा. उन्हाने बिघडलेलं वीर्य सुधारायला दीड-दोन महिने जातात आणि जुलैत फळवलेल्या शेळ्या गाभ न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या की दोष शेळीला लागतो.

प्रश्न : पावसाने ताण दिलाय. ज्वारीच्या फुटव्यांवर शेळ्या सोडू का? (एक वाचक, आष्टी, जि. बीड)

नको. ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. यालाच किराळ लागणं म्हणतात. धाप, तोंडाला फेस, थरथर, आणि काही मिनिटांत जनावर आडवं. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन डॉक्टरांकडूनच, तेही वेळेत मिळालं तर. फुलोऱ्यानंतर धोका बराच उतरतो. नीट वाळलेला कडबा चालतो.