बाबांची बदली मॉरिशसला, आणि मोठी म्हणते मी आजोबांकडेच राहणार

प्रश्न : ताई नमस्कार, मी गुहागर तालुक्यातली. आमचे हे नेव्हीत आहेत, विमानांच्या मेंटेनन्सला. आता त्यांना मॉरिशसचं डेप्युटेशन आलंय, तिथल्या कोस्ट गार्डमध्ये, फॅमिली न्यायची परवानगी पण मिळालीय. मोठी सात वर्षांची, झेडपीच्या शाळेत दुसरीला, धाकटा साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत जातो. लग्न झाल्यापासून ह्यांच्या बदल्या विशाखापट्टणम, कोची अशाच, क्वार्टरचं कधी जमलं कधी नाही, त्यामुळे मी मुलांना घेऊन सासरीच राहिलेय आणि मुलं पूर्ण आजी-आजोबांच्या अंगावरची आहेत. मोठीला सांगितल्यापासून ती म्हणते तुम्ही जा, मी आजोबांकडेच राहणार, आणि जेवताना रडते. सासरे पण म्हणतात दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न, पोरीची शाळा कशाला मोडता, तिला ठेवा इथे. ह्यांचं म्हणणं सगळ्यांनी जायचं. मला दोन्ही बाजू पटतात आणि रात्री झोप लागत नाही. पोरीला तिकडे इंग्लिश-फ्रेंच झेपेल का, मराठी विसरेल का, कागदपत्रं काय काय लागतील, आणि धाकट्याला तर काही कळतच नाही, त्याला सांगायचं तरी काय?

उत्तर : वहिनी, आधी माझं मत सांगून टाकते, मोठीला ठेवू नका. दोघांना घेऊन जा. सासऱ्यांचा जीव तुटतोय ते मला कळतं, माझ्या सासऱ्यांनी पण हेच सांगितलं होतं, पण तुमच्या मुलांनी आजवर बाबा पाहिलेत ते सुट्टीतले. दोन महिने येणारे, खाऊ आणणारे, कधी न रागावणारे. ह्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा बाबा रोज संध्याकाळी घरी असणार आहेत आणि मोठी मागे राहिली तर धाकट्याला बाबा मिळतील आणि तिला नाही, आणि मोठेपणी तिला तेच आठवत राहील. शाळा भरून काढता येते हो, हे नाही येत.

आता एक गोष्ट जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. देश बदलण्याच्या काळजीत आपण असतो, व्हिसा, सामान, शाळा, पण मुलांना सगळ्यात जड जातं ते बाबा घरात असणं. आम्ही परदेशी पोस्टिंगवर गेलो तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. पोचून पाच दिवस झाले असतील, मी भाकऱ्या थापत होते, तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, बाबा परत बोटीवर कधी जाणार?" नवरा बाहेरच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता, त्याने ऐकलं. ब्रश तसाच हातात धरून बसून राहिला, काही बोलला नाही. मुलाचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या हिशोबात बाबा म्हणजे येतात आणि जातात. म्हणून ह्यांना आत्ताच सांगून ठेवा की पहिले दोन-तीन महिने शिस्तीचं काम तुमच्याकडे राहू दे, त्यांनी आंघोळ घालणं, शाळेत सोडणं, रात्री गोष्ट सांगणं असली कामं घ्यावीत. सुट्टीत लाड करणारा माणूस एकदम पाढे म्हणून घ्यायला लागला की पोरं बिथरतात, आणि माणसाला पण वाईट वाटतं की माझीच मुलं माझ्याजवळ येत नाहीत. येतात, थोडा वेळ द्यावा लागतो.

धाकट्याला काय सांगायचं विचारलंत. खरं सांगायचं, पण त्याच्या मापाने. आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात, आणि साडेतीन वर्षांचं पोर ते शब्दशः धरतं, त्याला वाटतं येतो म्हणजे दिवेलागणीपर्यंत परत. वर्षं-महिने त्याला कळत नाहीत पण गणपती कळतात. ह्यांचा कालावधी नक्की झाला की त्या हिशोबाने सांगा, दोन गणपती तिकडे आणि तिसऱ्याला आपण घरी. नक्की नसेल तर आकडा सांगू नका. आणि हात जोडून सांगते, मूल झोपेत असताना उचलून गाडीत घालून नेऊ नका. रडू नये म्हणून बऱ्याच घरात असं करतात. आम्ही केलं आणि नंतर कितीतरी रात्री तो झोपायलाच घाबरायचा, डोळे मिटले की आपल्याला कुठेतरी नेतील असं त्याला वाटायचं. दिवसाउजेडी निघा, आजोबांना चिपळूण स्टेशनपर्यंत सोडायला येऊ द्या, सगळे रडले तरी चालेल.

मोठीच्या बाबतीत तिचं दुःख खोडू नका. तिकडे बीच आहेत, मजा येईल, हे तिला सांगून काय उपयोग, समुद्र तिच्या दारात आहे. तिला विचारा नक्की काय सुटणार म्हणून वाईट वाटतंय. कधी कधी फार छोटी गोष्ट निघते, की गाय व्यायला झालीय आणि वासरू मला दिसणार नाही. मग त्याचा काहीतरी बंदोबस्त करता येतो, आजोबा फोटो पाठवतील, नाव ती ठेवेल.

भाषेचं म्हणाल तर मॉरिशसमध्ये घराघरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्लिश आणि फ्रेंच. सुरुवातीला मोठी वर्गात गप्प बसेल, काही आठवडे, कदाचित काही महिने. बाई तक्रार करतील, तुम्ही घाबरू नका, नवीन भाषेत पडलेली मुलं आधी नुसती ऐकत असतात. त्या भीतीने घरी इंग्लिश सुरू करू नका, ही चूक खूप जणी करतात. घरात आपली मराठी, जशी आता बोलता तशीच. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट डाउनलोड होतात, तिसरी-चौथीची घेऊन ठेवा आणि रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, तेवढं पुरतं.

आणि हे बघा, तुम्ही अगदीच परक्या ठिकाणी चालला नाहीत. १८३४ पासून तिथे ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधून घेतलेले, मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं पण होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे मराठी समाज म्हणून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांमधून मराठी विषय शिकवतात, आणि ती लोकं जी झाकरी नाचतात ना, ती आपली जाखडीच. मोठीने गावात जाखडी बघितली असेल तर तिला हे आत्ताच सांगा. घरी त्यांच्यातले बहुतेक जण क्रिओलच बोलतात, त्यामुळे गेल्या गेल्या मराठी कानावर पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण गणपतीत तुम्ही एकट्या पडणार नाही.

शाळेचं वर्ष तिथे जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये, म्हणून निघायची तारीख तुमच्या हातात थोडी जरी असली तरी डिसेंबरच्या आसपास बघा, म्हणजे मोठी सगळ्यांबरोबर नवीन वर्गात बसेल. शाळा कुठली ते ह्यांच्या जागी आधी असलेल्या फॅमिलीला फोन करून विचारा, त्यांच्याइतकी माहिती कुणाकडे नसते. हवा उलटी, जानेवारीत उकाडा आणि जुलैत थंडी, आणि साधारण नोव्हेंबर ते मे वादळांचे दिवस. तिथे इशाऱ्याचे १ ते ४ असे वर्ग असतात ते शिकून घ्या. तौक्ते आणि निसर्ग बघितलेल्या बाईला वादळ काय असतं ते मी सांगायला नको.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ जन्माच्या दाखल्यात होतो म्हणून आज संध्याकाळी तेच काढून बघा. एक तर त्यावर बाळाचं नाव घातलेलंच नसतं. नसेल तर १५ वर्षांच्या आत लेट फी भरून घालता येतं, पण जिथे बाळंतपण झालं तिथे, म्हणजे चिपळूणला झालं असेल तर नगरपरिषदेत, गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालू नका. दुसरं म्हणजे आईचं नाव. दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर सासरचं, किंवा इंग्लिश स्पेलिंग वेगळं. माझ्या धाकट्याच्या दाखल्यात माझ्या नावात एक अक्षर जास्त होतं, एवढ्याशासाठी आमची फाइल तीन आठवडे अडली आणि मी उन्हातान्हात पोर कडेवर घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. पासपोर्ट ह्यांच्या ऑफिसमार्फत होतील, पण त्यांना लागणारे कागद गावाकडूनच जाणार, म्हणून हे आधी. शाळेतून मोठीचा सोडल्याचा दाखला घ्या आणि त्यावर सरल आयडी, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा विद्यार्थी नंबर, आहे ना ते तिथेच उभं राहून बघा, परत आल्यावर लागतो. लसीकरणाचं कार्ड मराठीत असतं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून तारखांसकट इंग्लिशमध्ये लिहून सही-शिक्का घ्या, आणि मोठीचा पाच वर्षांचा बूस्टर राहिला असेल तर तो देऊन टाका.

सामानात काय न्यावं ह्यावर मी पानं भरू शकते पण तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. फक्त ताजी फळं, रोपं, बिया, माती असलं काही परवानगीशिवाय नेऊ नका, बेटावर ह्याची कडक तपासणी असते. मुलांना अंगावर घ्यायची गोधडी मात्र हँडबॅगेत ठेवा आणि न धुता ठेवा. धाकटा तिकडे गेल्यावर परत अंथरूण ओलं करायला लागेल, बोबडं बोलेल, सारखा कडेवर मागेल. ओरडू नका, ते जातं.

अजून एक, निघायची तारीख, ह्यांचं युनिट, फ्लाइट हे व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका, आणि मोठीला पण सांगा की बाबांच्या ड्युटीचं बाहेर बोलायचं नाही. तिला तेवढं कळतं.

सासऱ्यांसाठी एक काम शोधा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे आपल्याकडे सात वाजता देवाजवळ दिवा लावतात तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात, मुलं शाळेतून येऊन खाऊन-पिऊन मोकळी. आजोबांनी रोज त्याच वेळी फोन लावायचा आणि दोघांनी त्यांच्याबरोबर शुभंकरोति म्हणायची. आत्तापासून सुरू करा, ह्यांना आत्ता असतील तिथून फोनवर घ्या, म्हणजे निघेपर्यंत सवय झालेली असेल.

प्रश्न : मी दापोलीची आजी. मुलगा आर्मीत, सध्या कुटुंब घेऊन परदेशी पोस्टिंगवर आहे. नात सहा वर्षांची. इथे होती तेव्हा माझ्याच कुशीत झोपायची आणि आता व्हिडिओ कॉल लावला की दोन शब्द बोलते आणि पळून जाते. विसरली का मला?

उत्तर : आजी, नाही विसरली. सहा वर्षांच्या मुलीला काय जेवलीस, अभ्यास केलास का, माझी आठवण येते का, ह्याला उत्तर देता येत नाही, आठवणीच्या प्रश्नाला तर तिला रडू येतं म्हणून ती पळते. तुम्ही प्रश्नच विचारू नका. फोन हातात घेऊन मागीलदारी जा आणि तिला दाखवा, कोंबडीने कुठे अंडं घातलं, फणसाला किती फळं धरली, पावसात विहीर कुठवर भरली. मोजायला लावा. तुम्ही मुद्दाम चुकीचं मोजा. ती पळणार नाही, तुमची चूक काढायला थांबेल.