थारमधील फेरबदल, आरटीओची नोटीस आणि नाकारलेला विमा दावा

प्रश्न : माझ्या थारला गॅरेजमधून पुढे लोखंडी बंपर व विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे भाग) आणि मोठे टायर बसवून घेतले आहेत. आंबोली घाटात गाडी कडेला उभी असताना मागून टेम्पोने धडक दिली. ‘परवानगीविना फेरबदल’ असे कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला आणि आता आरटीओचीही नोटीस आली आहे. मोटारसायकल नेण्यासाठी गावातल्या फॅब्रिकेटरकडून ट्रेलर करून घेण्याचा विचार आहे. काय करावे? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : नोटिशीबाबत आपली बाजू दुबळी आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ कायम केला. कलम 182अ(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीपुढच्या अशा लोखंडी बंपरवर किंवा गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या होत्या. तेव्हा वाद न घालता गाडी मूळ स्थितीत आणावी, गॅरेजचे बिल जोडून लेखी उत्तर द्यावे आणि फेरतपासणीची विनंती करावी. मात्र काहीही उतरवण्यापूर्वी सर्व बाजूंनी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा, कारण विम्याच्या वादात तीच लागतील.

विम्याच्या बाबतीत मी आपल्याला लढण्याचाच सल्ला देईन. सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालाची प्रत कंपनीकडून मागून घ्या. त्यात मागचा दरवाजा, त्यावरची स्टेपनी आणि मागचा बंपर एवढेच नुकसान नोंदलेले असेल, तर उभ्या गाडीला मागून बसलेल्या धडकेचा पुढच्या विंचशी काय संबंध, याचे उत्तर कंपनीला द्यावे लागेल. खासगी गाडी पॉलिसीतील अटीविरुद्ध भाड्याने दिली असतानाही, अमलेंदु साहू प्रकरणात (2010) सर्वोच्च न्यायालयाने दावा सरसकट फेटाळणे मान्य केले नाही आणि तो ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने मिटवण्यास सांगितले; या पद्धतीत ग्राह्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळू शकते. तेथील तथ्ये वेगळी आहेत, तरीही आपल्या युक्तिवादाला त्याचा चांगला आधार मिळतो. विंचची किंमत मात्र मागू नका. विमा घेताना ती जाहीर केलेली नसेल, तर ती मागणी उरलेल्या दाव्यालाही कमकुवत करील.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला असतो आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. मात्र आयोगात प्रकरण दाखल झाल्यावर लोकपाल ते ऐकत नाहीत, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा.

ट्रेलरचा बेत आहे त्या स्वरूपात सोडून द्यावा, असे माझे मत आहे. घाटात बंद पडलेली गाडी दोराने ओढून नेणे वेगळे आणि कायम जोडायचा ट्रेलर वेगळा. कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि मंजूर नमुन्याबाहेर वेल्डिंग करून बनवलेल्या ट्रेलरची नोंदणी होणार नाही. असा ट्रेलर उतारावर सुटून कोणी जखमी झाले, तर भरपाईचा बोजा आपल्यावर येऊ शकतो. मान्यताप्राप्त उत्पादकाकडून कागदपत्रांसह ट्रेलर घ्या आणि आपली थार किती वजन ओढू शकते, हे तिच्या उत्पादकाकडून लेखी मागवा. तोपर्यंत फॅब्रिकेटरला इसार देऊ नका.